दुरुस्तीची खूण

दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरात आपण बदल केला, तर त्या बदलाची खूण ठेवण्यास आपण बांधील आहोत काय? आणि ठेवलीच, तर ती किती काळ ठेवावी व कोणी पुसावी? प्रश्न वरवर पाहता छापखान्यातला आहे. संपादक, मुद्रितशोधक आणि पाने लावणारा कारागीर यांनी आपापसांत मिटवावा असा. आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. परंतु आमच्या धर्मग्रामाच्या एका स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाने आमची अशी काही कानउघाडणी केली, की तो छापखान्याचा नसून सदसद्विवेकाचा प्रश्न आहे हे आम्हांला मान्य करावे लागले. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी या खुणांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी जुळारी गॅली काढून देई आणि मुद्रितशोधक तिच्या समासात शाईने खुणा करी. गाळावयाच्या अक्षरावर रेघ, घालावयाच्या अक्षरासाठी काकपद, आणि चुकून खोडलेला शब्द तसाच ठेवायचा असेल तर त्याच्याखाली टिंबे. युरोपातील मुद्रितशोधक त्या टिंबांच्या बाजूस 'स्टेट' असा लॅटिन शब्द लिहीत आले आहेत. 'राहू द्यावे' असा त्याचा अर्थ. तपासलेली प्रुफे छापखान्यात तारेला अडकवून ठेवलेली असत. पुढे वाद निघाला, तर ती खाली काढून पाहता येत; आणि कोणी काय खोडले, हे हस्ताक्षरच सांगे. म्हणजे खूण ठेवायची की नाही, हा प्रश्नच त्या काळी उद्भवत नव्हता. कागद आणि शाई यांच्या स्वभावातच साक्ष देणे होते.

संगणक आला आणि ही साक्ष नाहीशी झाली. आल्डस या अमेरिकन कंपनीने १९८५ साली 'पेजमेकर' हा पाने लावण्याचा कार्यक्रम बाजारात आणला. नव्वदच्या दशकात आपल्याकडील मराठी छापखान्यांतूनही तो सर्रास दिसू लागला. खिळ्यांचे घोडे गेले, गॅली गेली, शिशाचा वास गेला. काम झटपट झाले, पाने देखणी झाली; मात्र पडद्यावर खोडलेल्या शब्दामागे काही उरत नसे. पाण्यात दगड पडल्यावर पाणी पुन्हा मिटावे, तशी ओळ मिटून जाई. कोणी खोडले, केव्हा खोडले, मूळ काय होते, याचा पत्ता नाही. चूक दुरुस्त करणे सोपे झाले, तसेच चूक नव्याने करणेही सोपे झाले. आणि दोहोंतील फरक सांगणारा कोणी उरला नाही.

ही उणीव पुढे भरून निघाली. अडोबी कंपनीचा 'इनडिझाइन' हा कार्यक्रम १९९९ साली आला. संपादकांसाठी त्याच्या जोडीला 'इनकॉपी' नावाचा कार्यक्रम होता, त्यात बदलांची नोंद ठेवण्याची सोय होती. २०१० सालच्या आवृत्तीपासून ती खुद्द इनडिझाइनमध्येही आली. तिची रीत अशी : नोंद ठेवण्याची कळ आधी चालू करावी लागते. त्यानंतर घातलेला मजकूर रंगीत पार्श्वभूमीवर दिसतो, गाळलेल्या मजकुरावर आडवी रेघ येते, एका जागेहून दुसऱ्या जागी हलवलेला मजकूरही ओळखू येतो. काम करणाऱ्या प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवता येतो. बदल कोणी केला, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे सारे टिपलेले असते. मग ज्याच्याकडे अखेरचा निर्णय असेल त्याने एकेक बदल पाहावा आणि स्वीकारावा किंवा नाकारावा. नाकारला, तर मूळ शब्द जागेवर परत येतो. स्वीकारला, तर खूण नाहीशी होते आणि बदललेला शब्दच जणू पहिल्यापासून तेथे असल्यासारखा दिसू लागतो.

या सोयीच्या मर्यादाही वाचकांनी लक्षात घ्याव्यात, कारण पुढील विवेचनाचा भार त्यांवर आहे. पहिली मर्यादा ही, की कळ आधी दाबली नसेल तर काहीच टिपले जात नाही. पश्चात्तापानंतर ती दाबून उपयोग नाही. दुसरी ही, की खुणा केवळ मजकूर तपासण्याच्या वेगळ्या खिडकीत दिसतात. प्रत्यक्ष पानावर, आणि अर्थात छापील कागदावर, सारे नितळच असते. तिसरी ही, की नोंद फक्त शब्दांची होते. अक्षराचा आकार लहान केला, एखादे छायाचित्र कोपऱ्यात ढकलले, तर त्याची नोंद नाही; माणसाचा मान कमी करण्याचे ते मार्ग खुलेच राहतात. आणि चौथी मर्यादा सर्वांत मोठी : नोंदीत जे नाव येते, ते संगणकात कोणीतरी भरून ठेवलेले नाव असते. खुर्चीवर कोण बसले आहे, हे यंत्राला दिसत नाही.

येथे एखादा सुज्ञ वाचक विचारील, की प्रामाणिक माणसांना हा खटाटोप कशासाठी? संपादकावर विश्वास असेल तर खुणा नकोत, आणि विश्वास नसेल तर खुणांनी तो निर्माण होणार नाही. आक्षेप वजनदार आहे. पण खूण ही केवळ संशयिताला पकडण्यासाठी असते, असे तो गृहीत धरतो. इतिहास काही वेगळे सांगतो.

तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने जुन्या कराराचे पाठ एकमेकांशेजारी सहा स्तंभांत मांडण्याचे प्रचंड काम हाती घेतले. त्याला 'हेक्झाप्ला', म्हणजे षट्स्तंभी, असे म्हणतात. ग्रीक पाठ आणि हिब्रू पाठ यांत जागोजागी फरक होता. ग्रीकमध्ये असलेले पण हिब्रूत नसलेले शब्द ओरिजेनला गाळता आले असते. त्याने ते गाळले नाहीत. त्यांच्याशी एक आडवी खूण केली. हिब्रूत असलेले पण ग्रीकमध्ये नसलेले शब्द त्याने अन्य भाषांतरांतून घेऊन घातले आणि त्यांच्याशी तारकेची खूण केली. अलेक्झांड्रियाच्या व्याकरणकारांनी होमरच्या काव्यासाठी वापरलेल्या खुणा त्याने शास्त्रासाठी घेतल्या होत्या. त्याचा कोणावर संशय नव्हता. वाचक आपल्याइतकाच विचार करू शकतो, हे त्याने मानले. आणि आपला निर्णय चुकीचा ठरण्याची शक्यता उघडी ठेवली. खुणेच्या मुळाशी हा विनय आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस पोप दमासस यांच्या सांगण्यावरून संत जेरोम यांनी लॅटिन शुभवर्तमानांची सुधारणा केली, तेव्हा लोकांच्या सवयीच्या ग्रंथात हात घातल्याबद्दल आपणांस खोटारडा म्हटले जाईल, ही भीती त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने बोलून दाखवली. स्तोत्रांच्या सुधारणेत त्यांनी ओरिजेनच्या त्याच खुणा वापरल्या. परंतु पुढच्या नकलकारांना त्या कंटाळवाण्या वाटल्या. हळूहळू त्यांनी त्या गाळल्या. शब्द राहिले, खुणा गेल्या. मूळ काय आणि घातलेले काय, हे एकमेकांत मिसळून गेले आणि ते वेगळे काढण्यासाठी विद्वानांना शतकानुशतके आयुष्ये वेचावी लागली. खूण पुसणाऱ्या नकलकाराला वाटले असेल की आपण पान स्वच्छ केले.

आपल्या घरचेच उदाहरण घ्यायचे, तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आहे. १६१६ साली ते राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. पण त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. रोमन लिपीतील हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती निघाली. नंतर लंडनमधील मार्सडन संग्रहात त्याचे देवनागरी हस्तलिखित आढळले. रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज किंवा लॅटिन वळणाचे धार्मिक शब्द आहेत, तेथे देवनागरी प्रतीत संस्कृत वळणाचे शब्द दिसतात. मग फादरांनी स्वतः कोणते लिहिले? आधी संस्कृत शब्द होते आणि कोणी ते बदलले, की नंतरच्या कोणा नकलकाराने परके शब्द काढून देशी शब्द घातले? अभ्यासकांत यावर वाद आहे. ज्याने बदल केला तो कोणीही असो, त्याने तो सद्भावनेनेच केला असेल. पण त्याने खूण ठेवली नाही, आणि त्यामुळे आपल्या भाषेतल्या पहिल्या थोर ख्रिस्ती कवीच्या तोंडचा शब्द नेमका कोणता, हे आपल्याला खात्रीने सांगता येत नाही.

आता आमची हकीकत.

स्मरणिकेसाठी धर्मग्रामातील ज्येष्ठ मंडळींकडून आठवणी मागवल्या होत्या. एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या वडिलांविषयी लिहिले. ऐंशीच्या घरातील बाई. लेखन साधे, सरळ. त्यात दोन वाक्ये लागोपाठ होती. पहिल्या वाक्यात त्यांनी लिहिले होते, की अखेरच्या वर्षांत वडील दारूच्या आहारी गेले आणि घरात चूल पेटेनाशी झाली. दुसऱ्या वाक्यात लिहिले होते, की शेजारच्या वाडीतील एक विधवा रोज संध्याकाळी कुंपणावरून भाताचे भांडे देई आणि याविषयी तिने जन्मभर कोणाकडे अवाक्षर काढले नाही. स्मरणिका छापून आली तेव्हा पहिले वाक्य तीत नव्हते. दुसरे होते, पण पहिल्यावाचून त्याला अर्थ राहिला नव्हता. खाऊनपिऊन सुखी असलेल्या घराला शेजारीण उगाच भात देत होती, असे काहीतरी ते वाचताना वाटे.

बाई अंक हातात घेऊन आमच्याकडे आल्या. रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "मला लाज वाटायला हवी, हे कोणी ठरवलं?"

आम्ही गडबडलो. तोंडातून उत्तर गेले, "बाई, संगणकावर काहीतरी राहून गेलं असेल. पाने लावणारा मुलगा नवीन आहे." बाई काही बोलल्या नाहीत. तो मुलगा त्या वेळी शेजारच्याच खोलीत होता. त्याने ऐकले असावे. कारण त्या दिवसापासून तो आमच्याशी कामापुरतेच बोलू लागला. दुसऱ्या एका मंडळाचे काम त्याला मिळायचे होते. आमचे बोलणे तेथवर पोहोचले आणि ते काम त्याला मिळाले नाही. असे दोन आठवडे गेले.

त्यानंतर एका सकाळी त्याने आम्हांला संगणकापुढे बसवले. तो म्हणाला, "सर, माझी चूक कुठं झाली ती मलाही बघायची होती, म्हणून फाईल उघडली." काम सुरू करताना त्याने बदल टिपण्याची कळ दाबून ठेवली होती, आपल्या हातून काही बिघडले तर सापडावे, एवढाच त्याचा हेतू. ते वाक्य तेथे होते, अंगावर आडवी रेघ घेऊन. त्यापुढे नाव त्याचेच होते, कारण तो संगणक त्याच्या नावाने चालत असे. पण वेळ रात्री पावणेनऊची होती. तो रोज साडेसहाची लोकल पकडून घरी जातो. त्या रात्री, मजकूर छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी, संगणकापुढे आम्ही बसलो होतो.

आम्हांला ते आठवत नव्हते, असे आम्ही म्हणालो. खरे सांगायचे तर आठवणे सोयीचे नव्हते. ते वाक्य वाचताना एका प्रतिष्ठित घराण्याची अब्रू झाकावी असे आमच्या मनात आले होते, आणि ते आम्ही दयेपोटी खोडले होते. नंतर ती दयाही विसरलो आणि खोडणेही. नोंदीतील नावाने त्या मुलाला दोषी ठरवले असते. वेळेने त्याला सोडवले. यंत्राच्या साक्षीलाही पारखून घ्यावे लागते, आणि पारखणाऱ्यात खरे ऐकण्याची तयारी असावी लागते, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

मराठीत छपाईच्या चुकांना आपण 'मुद्राराक्षसाचे विनोद' म्हणतो. विशाखदत्ताच्या नाटकाच्या नावावरून केलेली ही कोटी रसाळ आहे. पण तिच्यातला अन्याय आमच्या ध्यानी आता आला. राक्षस कोण? जुळारी. लेखकाने चुकीचे लिहिले, संपादकाने चुकीचे खोडले, तरी राक्षस मात्र खिळे जुळवणारा गरीब माणूसच. खिळे गेले, पण राक्षसाची जागा रिकामी राहिली नाही. संगणकापुढच्या मुलाला आम्ही तीत बसवले.

हा मोह थोरांनाही सुटलेला नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली लॅटिन वल्गेट बायबलला अधिकृत ठरवले आणि ते शक्य तितके शुद्ध छापले जावे असे ठरवले. पोप सिक्स्टस पाचवे यांनी त्यासाठी विद्वानांचे मंडळ नेमले. पण मंडळाचे काम त्यांना पसंत पडले नाही आणि त्यांनी स्वतःच मजकुरात हात घातला. १५९० साली ग्रंथ निघाला. त्यात चुका होत्या. कित्येक ठिकाणी छापील शब्दांवर कागदाच्या चिठ्ठ्या डकवून त्या झाकाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सिक्स्टस वारले आणि थोड्याच दिवसांत त्या ग्रंथाची विक्री थांबवण्यात आली. आता करायचे काय? ग्रंथाचा जाहीर निषेध केला, तर दिवंगत पोपची अप्रतिष्ठा. तेव्हा रॉबर्ट बेलार्मिन यांनी पोप ग्रेगरी चौदावे यांना सल्ला दिला, की ग्रंथ त्वरेने सुधारून सिक्स्टस यांच्याच नावाने पुन्हा छापावा आणि पहिल्या आवृत्तीत घाईमुळे, मुद्रकांच्या किंवा इतरांच्या हातून, काही चुका शिरल्या असे प्रस्तावनेत म्हणावे. पोप क्लेमंट आठवे यांच्या कारकिर्दीत १५९२ साली सुधारित आवृत्ती निघाली. तिची प्रस्तावना बेलार्मिन यांनीच लिहिली आणि तीत दोष छापखान्याकडे गेला.

बेलार्मिन हे पुढे, १९३० साली, संतपदी घोषित झाले. याच सिक्स्टस यांनी बेलार्मिन यांचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला होता. म्हणून आपण अपकाराची फेड उपकाराने केली, असे बेलार्मिन यांनी आत्मवृत्तात नोंदवले आहे, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी हा सल्ला दिल्याची हकीकत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली, हेही त्यांच्या बाजूने मोठे प्रमाण आहे. त्यांनी खूण ठेवली. तरीसुद्धा एक प्रश्न उरतोच. ज्या पोपवर दया झाली, त्या दयेची किंमत कोणी मोजली? व्हॅटिकनच्या छापखान्यातील त्या कारागिरांनी. त्यांना कोणी विचारले नव्हते. आम्हीही एका कुटुंबावर दया करायला गेलो आणि तिची किंमत एका मुलाच्या कामातून वसूल केली. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानाला दान म्हणता येत नाही, तसे दुसऱ्याच्या नावावर केलेल्या दयेला दया म्हणता येणार नाही.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. ज्या मंडळाने काम नाकारले होते त्यांच्याकडे जाऊन खरी हकीकत सांगितली. नंतर बाईंकडे गेलो आणि पुढच्या अंकासोबत शुद्धिपत्र काढण्याची परवानगी मागितली. मसुदा आम्ही तयारच नेला होता : "अमुक पानावरील एक वाक्य नजरचुकीने वगळले गेले आहे." बाईंनी तो चष्मा लावून वाचला, आणि शिक्षिकेच्या जुन्या सवयीने पेन्सिल मागितली. 'नजरचुकीने' हा शब्द त्यांनी खोडला. मग 'वगळले गेले आहे' याखाली रेघ मारून विचारले, "कर्ता कुठं आहे?"

मराठीत कर्ता लपवण्याच्या जागा पुष्कळ आहेत. राहून गेले, होऊन गेले, घडले, निघून गेले. भाषेचा तो दोष नव्हे. सौम्यपणाने बोलण्याची ती एक रीत आहे आणि दुसऱ्याविषयी बोलताना ती शोभतेही. शेजाऱ्याची चूक सांगताना 'त्याच्याकडून घडले' म्हणावे. पण स्वतःची चूक सांगताना तीच रीत वापरली, की सौम्यपणाची पळवाट होते. मिस्साच्या आरंभी आपण अपराध कबूल करतो, ती प्रार्थना प्रथम पुरुषी, एकवचनी आहे. सभोवार शेकडो माणसे उभी असतात, तरी प्रत्येकाने 'मी' म्हणावयाचे असते. तेथे 'आम्ही' सुद्धा चालत नाही. या लेखात आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणत आहो, ती या पानांची रीत म्हणून. पण त्या रात्री संगणकापुढे खुर्ची एकच होती.

शुद्धिपत्र अखेर असे छापले : वाक्य आम्ही गाळले, लेखिकेस विचारले नाही, पाने लावणाऱ्याचा यात दोष नाही. त्याखाली ते मूळ वाक्य जसेच्या तसे दिले.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. खूण किती काळ ठेवावी? सगळ्या खुणा कायम ठेवल्या तर ग्रंथ वाचताच येणार नाही. प्रत्येक ओळीवर रेघा, प्रत्येक शब्दामागे नाव, वेळ, रंग. माणसामाणसांतही असेच आहे. नवराबायकोंनी, भावाभावांनी एकमेकांच्या प्रत्येक चुकीची नोंद तारखेनिशी ठेवली तर घर चालणार नाही, कचेरी चालेल. कोठेतरी 'स्वीकारले' म्हणून खूण जाऊ द्यावी लागते. क्षमेचा अर्थ तोच आहे. मग एका बाजूस सत्य म्हणते खूण ठेव, दुसऱ्या बाजूस क्षमा म्हणते खूण पूस. आणि आपण दोहोंच्या मध्ये उभे असतो.

आमच्या मते हा विरोध खरा नाही. 'खूण ठेवावी की पुसावी' असा प्रश्न केला म्हणून तो उद्भवतो. 'कोणी ठेवावी आणि कोणी पुसावी' असे विचारले, की वाट दिसते. खूण ठेवणे हे बदल करणाऱ्याचे कर्तव्य आहे. ती पुसणे हा, ज्याच्या मजकुरात बदल झाला त्याचा अधिकार आहे. दोहोंची अदलाबदल झाली की अनर्थ होतो. बदल करणाराच खूण पुसू लागला तर त्याचे नाव लपवालपवी. मग ती कितीही दयेने केलेली असो. आणि ज्याचे नुकसान झाले त्याला खूण पुसूच द्यायची नाही, कोणी तरी तिसऱ्याने ती सतत उगाळत बसायचे, तर त्याचे नाव सूड. इनडिझाइनच्या त्या खिडकीत खोडणाऱ्याची नोंद आणि स्वीकारणाऱ्याची कळ या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही मात्र एकाच रात्री दोन्ही कामे स्वतःच उरकली होती, आणि तीही तिसऱ्याच्या नावावर.

यावर एक शंका घेता येईल. लेखकाची ओळ असत्य असेल, दुसऱ्याची बदनामी करणारी असेल, तरीही त्याच्या संमतीवाचून ती गाळू नये काय? गाळावी, संपादकाचे ते कामच आहे, आणि ज्याची बदनामी होणार त्याचाही त्या मजकुरावर हक्क पोहोचतो. पण गाळली हे लेखकाला सांगावे. त्याने लेख परत मागितला तर परत द्यावा. नकार देण्याचा अधिकार आहे. नकळत बदलण्याचा नाही. योहानकृत शुभवर्तमानात क्रुसावरील फलकाची हकीकत आहे. तीन भाषांत लिहिलेल्या त्या मजकुरात दुरुस्ती करावी, अशी मुख्य याजकांनी पिलाताकडे मागणी केली आणि पिलाताने ती साफ नाकारली. शुभवर्तमानकाराने आपल्यासाठी फलकावरील शब्द तर ठेवलेच, पण सुचवलेली दुरुस्ती आणि तिला मिळालेला नकार हेही ठेवले. आज तो प्रसंग वाचताना आपल्याला अधिक कळते, ते या तिन्ही गोष्टी समोर असल्यामुळे.

बाईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती. ते वाक्य आपण वडिलांच्या अब्रूचे म्हणून खोडले असे आम्हांला वाटत होते. पण ते वाक्य वडिलांविषयी नव्हतेच. ते त्या विधवेविषयी होते. तिचे भाताचे भांडे किती जड होते, हे कळावे म्हणून बाईंनी स्वतःच्या घरची पेटेनाशी झालेली चूल दाखवली होती. आपली लाज पुढे करून त्यांनी दुसरीचे उपकार जगापुढे मांडले, आणि आम्ही लाज झाकायला गेलो तेव्हा उपकार झाकले गेले. गाळलेल्या शब्दाबरोबर आणखी काय गळते, हे गाळणाऱ्याला बहुधा कळत नाही. खूण ठेवावी ती विशेषकरून यासाठी.

शुद्धिपत्र निघाल्यावर तो मुलगा बाईंकडे गेला होता. फाईलमध्ये त्या वाक्यापुढे अजून आपले नाव आहे, ते ठेवायचे की काढायचे, असे त्याने त्यांना विचारले. बाई म्हणाल्या, "बाळ, वाक्य जागेवर आलं ना? मग काढून टाक." त्याने आमच्यादेखत तो बदल नाकारण्याची कळ दाबली. रेघ गेली, नाव गेले, वेळ गेली. वाक्य आपल्या जागी उभे राहिले. शुद्धिपत्राची छापील प्रत तेवढी अंकांच्या गठ्ठ्यात आहे, आणि ती तेथेच राहावी असे आम्हांला वाटते.

त्या संगणकावर आता आम्हीही अधूनमधून बसतो. बसण्यापूर्वी वापरणाऱ्याच्या नावाची चौकट उघडतो, त्या मुलाचे नाव काढतो आणि आपले घालतो. यास अर्धे मिनिट लागते.